परीक्षानळ्या कोण धुतं?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका टेबलामागे पाच मुलं उभी असतात. टेबलावर थर्माकोलचं धरण असतं, नाहीतर लिंबांच्या रांगेवर पेटणारा एक बारीक दिवा. पाहुणे जवळ आले की पाचांतला एक जण पुढे होतो आणि पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतो. एका मुलीचं अक्षर सुरेख, म्हणून मागचा तक्ता तिने लिहिलेला. तिसऱ्याच्या काकांचं इलेक्ट्रिकचं दुकान, त्याने वायर आणली. चौथा सकाळपासून बादलीने पाणी आणतोय आणि परीक्षानळ्या धुतोय. पाचवी नुसती उभी. प्रमाणपत्रं पाचांनाही मिळतात आणि अहवालात ‘मुलांनी गटाने प्रकल्प केला’ असं लिहिलं जातं.

मला चौथ्या मुलाबद्दल आणि पाचव्या मुलीबद्दल लिहायचं आहे. ती बहुतेक वेळा कोणत्या घरांतली असतात हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. इंग्रजी वर्गात उर्दू माध्यमातून आलेली मुलगी, आदिलाबादच्या मराठी शाळेतून थेट हैदराबादच्या कॉलेजात पडलेला मुलगा, घराण्यात पहिल्यांदाच सायन्सला गेलेली दलित किंवा आदिवासी मुलं. वर्गात त्यांच्यासारखं दुसरं कुणी फारसं नसतं. ही मुलं विज्ञान शिकली का, हा अर्धा प्रश्न. आपल्याला विज्ञान जमू शकतं असं त्यांना वाटू लागलं का, हा उरलेला अर्धा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रकल्पातून मुलांचा आत्मविश्वास वाढतो हे आता प्रत्येक शैक्षणिक धोरणात असतं. माझं म्हणणं असं की तो आपोआप वाढत नाही. गट कसा बांधला, प्रश्न कोणाच्या घराजवळचा निवडला आणि शेवटी तोंड कोणी उघडलं, यावर सगळं अवलंबून असतं. निष्काळजीपणे केलेला गट गावातली उतरंड जशीच्या तशी वर्गात आणून ठेवतो.

हैदराबादचं विद्यानगर या प्रश्नाकडे पाहायला फार योग्य जागा आहे. सिकंदराबादहून फलकनुम्याकडे जाणाऱ्या लोकलला सीताफळमंडी, आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया, विद्यानगर आणि मग काचीगुडा अशी स्थानकं लागतात. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठाचं अफाट आवार. तारनाका आणि हबशीगुड्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की रसायन तंत्रज्ञानाची आयआयसीटी, भूभौतिकीची एनजीआरआय आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्राची सीसीएमबी या देशातल्या मोठ्या प्रयोगशाळा. दुसऱ्या बाजूला नल्लकुंटा. तिथे गणिताचे शिक्षक चुक्का रामय्या यांनी १९८०च्या दशकात आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी सुरू केली. पुढे तिचा लौकिक इतका वाढला की त्या शिकवणीत शिरायलाही वेगळी परीक्षा द्यावी लागे. या दोन टोकांमधल्या गल्ल्यांत वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं आणि एका खोलीत तिघं-चौघं राहणारी मुलं.

मराठवाड्याच्या लोकांना हा भाग जुना ओळखीचा. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादपर्यंत मीटरगेज लोहमार्ग झाला, १९१६मध्ये काचीगुड्याचं देखणं स्थानक उभं राहिलं, आणि उच्च शिक्षण हवं असलेला मराठवाड्यातला मुलगा या मार्गाने इथे येऊ लागला. निजामाच्या राज्यात साधारण निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. विद्यापीठ मात्र उर्दूचं. १९१७मध्ये भाषांतर विभाग निघाला, १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी हे सगळं एका भारतीय भाषेत शिकवायला सुरुवात झाली. इंग्रजी आल्याशिवाय विज्ञान येत नाही असं मानणाऱ्या काळात हे धाडस फार मोठं होतं, आणि त्याचा उल्लेख आजही आदराने व्हायला हवा. पण ज्याच्या घरात उर्दू नव्हती त्याच्यासाठी परकी भाषा बदलली, परकेपण तसंच राहिलं. संख्येने मोठा असलेला समाजही वर्गात एकटा पडू शकतो हे हैदराबाद संस्थानाने तीन दशकं दाखवलं. पोलीस कारवाईनंतर उर्दू जाऊन इंग्रजी आली तेव्हा एकटं पडण्याची पाळी उर्दू घरांतल्या मुलांवर आली.

त्याच विद्यापीठाशी जोडलेली एक गोष्ट औरंगाबादची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचं. तोवर औरंगाबादची कॉलेजं उस्मानियाच्या छत्राखाली होती. उस्मानियाने बाबासाहेबांना जानेवारी १९५३मध्ये सन्माननीय डी.लिट. दिली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. शिकणं म्हणजे इतरांच्या सोबतीने खऱ्या अडचणीशी भिडणं, हा ड्यूईंचा आग्रह. त्यांच्याच परंपरेतले कोलंबियाचे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८मध्ये प्रकल्प पद्धतीवरचा लेख लिहिला आणि ‘प्रोजेक्ट’ ही गोष्ट जगभरच्या शाळांत पोचली. मिलिंदमध्ये पहिल्या पिढीची शिकणारी मुलं वसतिगृहात एकत्र राहिली, एकत्र वाचू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी लिहिलेलं ‘युगयात्रा’ हे नाटक तिथल्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणलं. नाटकाचा विज्ञानाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. नाटकात दोन वाक्यांची भूमिका असलेला मुलगा आला नाही तर प्रयोग अडतो. आपल्यावाचून अडतं ही जाणीव ज्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा होते, त्याच्या चालण्यात फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या गटात ही जाणीव आपण किती मुलांना देतो?

मुंबईत याचा पद्धतशीर प्रयत्न झाला आणि तो मराठी वाचकांना माहीत असायला हवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, छत्राखाली १९७४मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. टीआयएफआरच्या भालचंद्र उदगावकरांसारखे शास्त्रज्ञ या कामामागे होते. केंद्राने आधी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं. मग १९८०च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची आठवीतली मुलं निवडली आणि त्यांच्याबरोबर दहावीपर्यंत काम केलं. त्याचा अहवाल कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी १९८५मध्ये लिहिला. या मुलांची बुद्धी कमी आहे, घरात वातावरण नाही, त्यांना रस नाही, अशी कारणं त्या काळी सर्रास दिली जात, आणि आजही स्टाफरूममध्ये दिली जातात. केंद्राच्या लोकांना दिसलं ते वेगळंच. पहिला मोठा अडथळा पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा होता. मराठी मुलांना मराठी पुस्तक कळत नव्हतं, कारण त्या पुस्तकातली मराठी त्यांच्या वस्तीत कुणी बोलत नव्हतं. प्रश्न समजला नाही म्हणून उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून मूल ढ ठरलं. भाषा मोकळी केली, हातांनी करायला प्रयोग दिले, बोलायला आणि विचारायला जागा दिली, तेव्हा हीच मुलं शालान्त परीक्षेत कुणाच्या अपेक्षेत नव्हती अशी पुढे गेली.

मला या कामातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की मुलांना दुरुस्त करायला कुणी निघालं नव्हतं. आपल्याकडे मागे पडलेल्या मुलासाठी जादा तास असतो. त्या तासाला जाणाऱ्या मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो आणि तो शिक्का त्याला तासात मिळालेल्या ज्ञानापेक्षा जास्त दिवस टिकतो. केंद्राने या उपक्रमाला प्रज्ञाशोध आणि प्रज्ञासंवर्धन असं मानलं. तुमच्यात आहे, ते शोधायला आम्ही आलो आहोत, हा त्याचा सूर होता.

हाच सूर अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध कामात सापडतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन हे तरुण संशोधक विद्यार्थी एका प्रश्नाने अस्वस्थ झाले. कॅल्क्युलसच्या पहिल्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थी एवढ्या मोठ्या संख्येने नापास का होतात? सहकाऱ्यांकडे उत्तरं तयार होती. ओढ कमी, शाळेची तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, पैशांची अडचण. ट्राइसमननी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ती मुलं अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांत, वाचनालयांत जाऊन पाहिलं. तयार उत्तरांतलं एकही टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती. पण विसांतली अठरा जणं कधीच वर्गमित्रांबरोबर अभ्यास करत नव्हती. शाळेत असताना एकट्याच्या जिद्दीवर ती इथपर्यंत पोचली होती, त्यामुळे एकट्यानेच झुंजायचं ही त्यांची सवय झाली होती. चिनी मुलं आधी स्वतंत्र अभ्यास करत, मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, कुठे अडलं ते बोलत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते अवघड आहे एवढंच त्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला तेच गणित सुटलं नाही की आपण या जागेच्या लायकीचे नाही असं वाटे.

या शेवटच्या फरकापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. गणित तेच, चूक तीच. एकत्र बसलेल्यांना ती गणिताबद्दल काहीतरी सांगते, एकट्याला स्वतःबद्दल. विद्यानगरच्या खोल्यांत रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जाळणाऱ्या मुलांना आपण शाबासकी देतो. त्यांच्यातल्या कितीजणांना उद्या सकाळी ‘हे मलाही आलं नाही’ असं सांगणारा मित्र आहे, याची चौकशी करत नाही. गुणवत्ता यादीचं शिक्षण शेजारच्या मुलाला प्रतिस्पर्धी बनवतं. ज्याच्या घरी शिकलेला दादा किंवा शिक्षक बाबा आहेत त्याला ते परवडतं. ज्याच्या घरी तसं कुणी नाही त्याची सगळी शिदोरी वर्गमित्रांतच असते, आणि तीच आपण काढून घेतो.

ट्राइसमननी १९७८च्या सुमारास कार्यशाळा सुरू केली. ती कच्च्या मुलांसाठी आहे असं कुठेही म्हटलं नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, छोटे गट केले आणि बोलत बोलत सोडवायला लावली. नापास होण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं आणि कार्यशाळेतली अनेक मुलं वर्गातल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्याही पुढे गेली. सोपं करून दिल्याने हे घडलं नसतं.

मग नुसता गट केला की झालं का? इथे उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगाकडे वळावं लागतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी हरदोई जिल्ह्यात शाळेतल्या ६४२ मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. निम्मी मुलं उच्च जातींतली, निम्मी दलित. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळणार होते. सहा-सहांच्या गटांत, कुणाचीही जात न सांगता बसवलं तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. मग काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं आणि आजोबांचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. एवढंच केलं, आणि दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या सुमारे वीस टक्क्यांनी घसरली. जातवार वेगळं बसवलं तेव्हाही आकडे घसरले, त्यात उच्च जातींचेही. हे निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले. एका मिनिटापूर्वी जी बुद्धी होती ती नावं वाचल्यावर कुठे गेली? कुठेच गेली नाही. इथे आपला न्याय होणार नाही असं मुलाला वाटलं आणि हात जड झाला.

आपल्या शाळांत शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना काय होतं ते आठवा. ‘एससीवाले इकडे या, मायनॉरिटीवाले तिकडे थांबा’ अशी हाक भर वर्गात मारली जाते, आणि पुढच्याच तासाला त्या मुलांनी मोकळेपणाने गटात बोलावं अशी अपेक्षा असते. हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण अर्ज शांतपणे एकेकाला बोलावून देता येतात. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००७मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची स्थिती मांडली, तेव्हा वसतिगृहात ही मुलं काही ठरावीक मजल्यांवर कशी लोटली जातात हेही त्यात आलं. देशातल्या सर्वांत हुशार मानल्या जाणाऱ्या मुलांच्या संस्थेतली ही गोष्ट. थोरात स्वतः मिलिंदचे विद्यार्थी. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात २०१६च्या जानेवारीत रोहित वेमुलाने आयुष्य संपवलं. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं. त्या मृत्यूवर पुष्कळ वाद झाला. प्रयोगशाळेत, खानावळीत, वाचनालयात एखाद्या विद्यार्थ्याच्या शेजारी कोण बसतं, ही साधी बाब त्या वादात मागे राहिली.

गट बांधण्याचं शास्त्र आहे आणि ते जुनं आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी वर्गात पाहिलं तर प्रत्येक मूल शिक्षकांचं लक्ष वेधण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढत होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाकडचा तुकडा दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हता. आधी मुलं त्याला हसली. परीक्षा त्या तुकड्यावरही आहे हे लक्षात आल्यावर ती त्याला नीट प्रश्न विचारू लागली, आणि तोही बोलू लागला. काही आठवड्यांत शाळेबद्दलची गोडी वाढली, अल्पसंख्य मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत.

तेलंगणात हे कसं दिसेल? नलगोंडा जिल्ह्याचं पाणी घेऊ. हैदराबादपासून फार लांब नाही, आणि तिथल्या भूजलात फ्लोराइड इतकं आहे की पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे दात डागाळले, हाडं वाकली. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह मानलं जातं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७०च्या दशकात फ्लोराइड काढण्याची सोपी रीत बसवली आणि तिला नाव मिळालं नलगोंडा पद्धत. पाण्यात चुना आणि तुरटी टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्श्याने. पाण्यात फ्लोराइड किती आणि पाण्याचा क्षारपणा किती, त्यावर तुरटीचं प्रमाण ठरतं.

विद्यानगरच्या एखाद्या कॉलेजातल्या पाच मुलांच्या गटाने हा प्रश्न घेतला असं समजा. त्यात एक मुलगी नलगोंड्याच्या लंबाडा तांड्यावरची आहे. एरवीच्या प्रकल्पात ती तक्त्यामागे उभी राहिली असती. इथे कोणत्या हातपंपाचं पाणी आई भरते, कोणतं पाणी फक्त गुरांना पाजतात आणि का, हे तिलाच माहीत आहे. नमुने कुठून घ्यायचे ते तिच्याशिवाय ठरत नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांशी लंबाडीत तीच बोलणार. दुसऱ्या मुलाला उर्दू येते, तो गावातल्या मुस्लिम घरांत जाईल. तिसरीचं गणित चांगलं, तुरटीचा हिशोब तिच्याकडे. पण नोंदवही आठवड्यागणिक हात बदलेल, आणि परीक्षानळ्या धुण्याची पाळी पाचांनाही येईल. हा शेवटचा नियम फार छोटा वाटतो. मी शिक्षिका असते तर पहिला लिहिला असता. गावात भांडी कोणी घासायची आणि मैला कोणी उचलायचा हे जन्माने ठरत आलं आहे. प्रयोगशाळेत ते पाळीने ठरलं पाहिजे, आणि मुलांना तसं ठरताना दिसलं पाहिजे.

प्रश्न बदलला की जाणकार बदलतो. रोबो बनवायचा प्रकल्प दिला तर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो पुढारी होणार हे ठरलेलंच. २०१६पासून देशात सुमारे दहा हजार शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंतचं अनुदान. थ्रीडी प्रिंटर आले, सेन्सर आले. ही साधनं सरकारी शाळांत पोचली याचा मला मनापासून आनंद आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि मोडण्याच्या भीतीने कोणाला हात लावू दिला जात नाही, हे तपासणंही तितकंच निकडीचं आहे. ज्याच्या घरात एक साधा फोनही मोडणं परवडत नाही ते मूल स्वतःहून यंत्राजवळ जात नाही.

हात लावू देण्याचं उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, रक्ततपासणी असं सगळं करत शिकतात. शाळांसाठीच्या त्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा. काम गावाच्या गरजेचं आणि गावाने पैसे मोजून घेतलेलं. नापास झालेल्या मुलाने बनवलेलं फाटक शेतकरी पैसे देऊन घेऊन जातो आणि ते शेताला बसतं, तेव्हा त्या मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराची गरज उरत नाही. महात्मा गांधींनी १९३७मध्ये वर्ध्याला मांडलेली नई तालीम याच जातीची होती, आणि तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे जन्माने हैदराबादचे.

एकत्र बसवून शिकवण्याचं आणखी एक उदाहरण विद्यानगराशीच जोडलेलं आहे. तिथे दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय आहे. चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून मराठी घरांत त्यांची ओळख. दुर्गाबाईंचं लग्न आठव्या वर्षी झालं होतं, त्यातून त्या बाहेर पडल्या आणि मॅट्रिकची परीक्षा बनारस विद्यापीठातून दिली. मग मद्रासमध्ये आंध्र महिला सभेत त्यांनी शाळा सुटलेल्या बायकांना एकत्र बसवून त्याच परीक्षेची तयारी करून घेतली. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष झाल्यावर १९५८मध्ये त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी दोन वर्षांत मॅट्रिकपर्यंत नेणारे संक्षिप्त अभ्यासक्रम देशभर सुरू केले. ज्या बाईने पंधरा वर्षं पाटी हातात धरलेली नाही ती एकटी वर्गात येत नाही. चार जणी मिळून येतात. दुर्गाबाईंना हे अनुभवाने ठाऊक होतं.

तेलंगणात दोन मोठी पावलं टाकली गेली. समाजकल्याण निवासी शाळांनी दलित-आदिवासी मुलांना मोठी स्वप्नं दाखवली. तिथली मालावत पूर्णा २५ मे २०१४ला, चौदा वर्षंही पूर्ण झालेली नसताना एव्हरेस्टवर पोचली. अल्पसंख्याकांसाठी २०१६मध्ये ७१ निवासी शाळा निघाल्या, पुढे त्या २०४ झाल्या आणि त्यांत मुलींच्या शाळा जवळजवळ निम्म्या आहेत. उर्दू घरांतल्या मुली मोठ्या संख्येने विज्ञानाकडे वळायची शक्यता या राज्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर तयार झाली आहे. माझी काळजी पुढची आहे. या शाळांत सगळ्याच जणी सारख्या, तिथे संकोच नाही. बारावीनंतर हीच मुलगी विद्यानगरच्या आसपासच्या कॉलेजात पन्नासांतली एकटी होते. निवासी शाळेत कमावलेला धीर तिथे टिकवायची जबाबदारी त्या कॉलेजाची आहे, आणि त्यासाठी पहिल्या सत्रातच असे गट हवेत ज्यांत तिच्याबरोबर तिच्यासारखी निदान आणखी एक जण असेल. पाच गटांत पाच एकट्या मुली वाटून टाकणं दिसायला समान असतं. ते त्या मुलींना पाच ठिकाणी गप्प करतं.

अशा गटांसाठी शाळकरी वयातच एक व्यासपीठ आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून भरते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, महिनोन्‌महिने नोंदी ठेवायच्या आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी तो मांडायचा. पूर्वी गटात पाच मुलं चालत, नंतर संख्या दोनवर आली. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने हे काम वर्षानुवर्षं सांभाळलं. शाळेबाहेरचं मूलही यात भाग घेऊ शकतं, आणि अहवाल आपल्या भाषेत लिहायची मुभा आहे. आदिलाबादमध्ये आजही मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. तिथल्या गोंड, कोलाम आणि मराठी घरांतल्या मुलांनी कापसावरच्या किडीवर किंवा मोहाच्या फुलांवर मराठीत अहवाल लिहिला तर नियमाने तो चालतो. अडतं ते तोंडी परीक्षेत. समोर बसलेल्या परीक्षकांना मराठी येत नसेल तर प्रश्न इंग्रजीत किंवा तेलुगूत येतो, आणि महिनाभर शेतात फिरलेली मुलगी मान खाली घालते. परीक्षक मंडळात त्या मुलीची भाषा जाणणारा एक शिक्षक नेमणं राज्य समितीच्या हातात आहे. आदिलाबादमध्ये असे शिक्षक आहेत. त्यांना बोलावण्यासाठी प्रवासखर्चापलीकडे काही लागत नाही, आणि तो पुढच्या परिषदेच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरता येईल.